सुटकेची खोली

"हरले रे पोरांनो! उघडा आता," असं म्हणत कल्याणी मॅडमनी आतून दार वाजवलं, तेव्हा व्हरांड्यात चौदाच्या चौदा पोरं तोंडावर हात दाबून हसत होती.

दाराला कडी नव्हतीच, नुसती सुतळी बांधली होती. खेळात कुणाला खरं कोंडायचं नाही, हा मॅडमचाच नियम. स्वराजने गाठ सोडली आणि मॅडम घाम पुसत बाहेर आल्या.

समोरच्या शेडमध्ये धोंडाबाई खिचडीचं पातेलं उतरवत होती. तिने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली. एकोणीस वर्षं ती या शाळेत पोरांचं जेवण रांधत होती. शाळेत काहीतरी नवं चाललंय, एवढंच तिला ठाऊक होतं. महिनाभर ती कोपऱ्यातली रिकामी खोली बंद असायची. मधल्या सुट्टीत पोरं खडू, दगड, जुनी लुगडी घेऊन आत शिरायची आणि ती दिसली की दार लोटून घ्यायची.

डिंभे धरणाच्या पाण्याकाठची ही दोन शिक्षकी शाळा. मॅडम घोडेगावला एका प्रशिक्षणाला गेल्या होत्या, तिथे त्यांनी 'एस्केप रूम' पाहिली. खोलीत शिरायचं, कोडी सोडवायची, कुलूप उघडायचं आणि सुटायचं. आल्यावर त्या पोरांना म्हणाल्या, "आता अशी खोली तुम्ही करायची." पहिल्या आठवड्यात पोरांनी कोड्यांत नुसते पाढे घातले. शौर्यला भुताचा बंगला हवा होता, स्वराजला तुरुंग. भांडणं व्हायला लागली तशा मॅडम म्हणाल्या, "आधी कुणासाठी करताय ते ठरवा. मग कोडी आपोआप सुचतील." हे वाक्यही प्रशिक्षणातलंच होतं. बोलताना त्यांनी त्याचा फारसा विचार केला नव्हता.

आता त्या जरा वैतागूनच म्हणाल्या, "अरे, घाटाला पायऱ्या किती, विहिरीला रहाट किती, हे मला कसं कळणार? सुगावा खोलीतच कुठेतरी पाहिजे ना. आणि कुठं एक अक्षर लिहिलेलं नाही!"

चौथीतली आरती पुढे झाली. "ती तुमच्यासाठी न्हाईच केली मॅडम. तुमीच म्हणला व्हता ना, आधी कुणासाठी ते ठरवा."

"मग कुणासाठी?"

आरतीने शेडकडे बोट केलं.

अक्षर का नाही, ते मॅडमना तेव्हा कळलं.

पोरं धोंडाबाईला ओढायला धावली, तर ती मागे सरली. "मला न्हाई बाई जमायचं. शिकल्यालीची कामं ती. मला वाचता कुठं येतंय?"

"वाचायचं कायच न्हाई तिथं," अक्षदा म्हणाली. "आकडं तर येत्यात की तुला. गाडीचा नंबर वाचती तू."

"आन् खिचडी?"

"झाकून ठेव. आमी थांबतो."

ही पोरं जेवणासाठी थांबायला तयार आहेत, याचंच धोंडाबाईला नवल वाटलं. हात पदराला पुसत ती आली, दाराशी चपला काढल्या आणि आत गेली. मागे सुतळी बांधली गेली. सगळी खिडकीच्या गजांना चिकटली. मॅडमही.

खोलीत उजेड कमी होता. धोंडाबाईला आधी दिसलं ते एक निळं लुगडं, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वळण घेत पसरलेलं. पलीकडे खडूच्या रेघा, रेघांच्या कडेला दगड. डब्याच्या झाकणाची गोल विहीर. मातीत खोचलेल्या चार डहाळ्या. ती उभीच राहिली.

तांदूळ निवडताना ही पोरं शेजारी येऊन बसायची. मावशी, तुझं जुनं गाव कसं व्हतं? देऊळ कुठल्या अंगाला व्हतं? ती सांगायची. हात चालू असताना तोंडही चालतं, त्यात विशेष काय. धोंडाबाई त्याच गावात जन्मली आणि दोन गल्ल्या सोडून जानकू सासऱ्याच्या घरात सून म्हणून गेली. मग धरण भरलं. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा चौथरा वर येतो, घरांचे पाये दिसतात. वाडीतली माणसं बघायला जातात. ती एकदाही गेली नव्हती. "माहेर आन् सासर एकाच पाण्याखाली," एवढंच म्हणायची. "चिखल बघायला कशाला जायचं?"

इथे चिखल नव्हता. इथे नदी नदीच्या जागी होती.

ती लुगड्याला वळसा घालून घाटाशी आली. मग खडूच्या वाटेने हळूहळू चालू लागली, रेघेवर पाय पडू न देता. एका दगडापाशी येताच तिचा हात आपोआप वर गेला आणि तिने डोक्यावर पदर घेतला.

"काय झालं?" शौर्य कुजबुजला.

"सासऱ्याचं घर आलं," मॅडम म्हणाल्या.

पुढे दोन गल्ल्या ओलांडल्यावर पदर तिने खांद्यावर सोडला. शेवटच्या दगडाशी, तिच्या माहेराच्या दारात, एक पत्र्याची पेटी होती. कुलपाला फिरवायची तीन चाकं, आणि वर तीन चित्रं: पायऱ्या, विहीर, चिंचेचं झाड. धोंडाबाई खाली बसली. बोटाने पायऱ्या मोजाव्या लागल्या नाहीत. घाट नऊ. रहाट दोन. चावडीपुढच्या चिंचा चार. ती तोंडाने पुटपुटत गेली आणि चाकं फिरवत गेली.

कुलूप खट्‌कन उघडलं. पेटीत एक पितळी घंटी होती.

"वाजव, मावशी! वाजवली की सुटली तू!" स्वराज ओरडला. आरतीने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

धोंडाबाईने घंटी हातात घेतली. आवाज होऊ नये म्हणून तिचा लोलक बोटांत धरला आणि बापाच्या दाराशी बसावं तशी भिंतीला टेकून बसून राहिली. वीस मिनिटांची वेळ ठरलेली होती. ती कधी संपली, कुणी पाहिलं नाही. मॅडम आरतीकडे बघत होत्या. दहा वर्षांची पोर. गेल्याच महिन्यात भागाकार चुकला म्हणून त्यांनी तिला सगळ्यांसमोर बोलून घेतलं होतं.

शेवटी घंटी वाजली.

दार उघडलं. धोंडाबाईचे डोळे ओले होते, पण ती बोलली ते वेगळंच. "लई झ्याक केलं रे. पर गोजरबाईचं घर न्हाई घातलं तुमी."

"तू सांगितलंच न्हाई कधी!"

"आत्ता बसल्यावर आठवलं. माझी मैत्रीण व्हती. आमच्या पलीकडं तिचं घर, त्याच्या पलीकडं बांधावरून मळ्याची वाट. ती मळ्याची वाट तर ऱ्हायलीच सगळी."

"पर मावशी, तिकडं भिंत आली," अक्षदा म्हणाली. "जागाच न्हाई."

धोंडाबाईने भिंतीकडे पाहिलं. मग उघड्या दाराकडे पाहिलं. "वाट वळत व्हतीच तशी," ती म्हणाली.

आरतीने खिशातला खडू काढून तिच्यापुढे धरला. धोंडाबाईने तो विळ्याची मूठ धरावी तसा मुठीत धरला, उकिडवी बसली आणि गोजरबाईच्या घराच्या जागेपासून रेघ ओढायला लागली. रेघ जाड होती, थरथरत होती, पण कुठे थांबत नव्हती. उंबऱ्यावरून ती व्हरांड्यात उतरली. पोरं दोन्ही बाजूंना सरली.

कल्याणी मॅडम वाटेतच उभ्या होत्या. खडू जवळ आला तेव्हा त्यांनी पायातल्या चपला काढल्या, हातात घेतल्या आणि भिंतीला अंग चोरून उभ्या राहिल्या.