भिंगरीचा रिपोर्ट

प्रशिक्षक बाईंनी कपडे बदलायच्या खोलीचं दार लोटलं आणि भिंगरीची पिशवी बाकावर उपडी केली. टॉवेल, दोन केळी, खिळ्यांचे बूट, केसांच्या पिना. पाण्याची बाटली त्यांनी उघडून हुंगली. नुसतं पाणी. तरी एक घोट घेऊन पाहिलाच.

बाहेर भिंगरी शेवटची फेरी मारत होती. चार महिन्यांत पोरीनं शंभर मीटरची वेळ अर्ध्या सेकंदानं खाली आणली होती. रविवारी रिलेच्या चौघींची निवड; त्यात आली तर तिची कॉलेजची फी माफ होणार होती. एरवी बाई गावभर मिरवल्या असत्या. पण तो मेला रिपोर्ट! आठही मुलींच्या गालातून कापसाची काडी फिरवून जीन तपासून घ्यायची हौस बाईंचीच. सात जणींत वेगाच्या स्नायूंना जोर देणारं एक प्रथिन निघालं. भिंगरीत औषधालाही नव्हतं.

"म्हणजे ती वेगानं धावूच शकत नाही?" त्यांनी प्रयोगशाळेतल्या डॉक्टरांना फोनवर विचारलं होतं.

"असं कोण म्हणालं? बऱ्याच जणांत ते नसतं. दुसरी प्रथिनं काम भागवतात. मोठ्या धावपटूंत सहसा असतं, इतकंच."

'सहसा' बाईंच्या कानावरून गेलं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? पोर नक्की काहीतरी घेते.

दार ढकलून भिंगरी आत आली तेव्हा बाटली बाईंच्या हातातच होती.

"काय शोधताय मॅडम?"

"काय घेतेस तू? खरं सांग, रागावणार नाही."

"सकाळी दूध, संध्याकाळी आईच्या शिव्या." भिंगरी हसली. बाई हसल्या नाहीत, तसं तिचंही हसू विरलं. "मॅडम, माझ्यावर संशय?"

"रिपोर्टाप्रमाणे तुझ्यात तो वेग नाहीच, पोरी. मग येतो कुठून?"

भिंगरीनं एकेक पिन उचलून पिशवीत टाकली.

लघवी तपासली, रक्त तपासलं. काही निघालं नाही. पण संशयाला पोट नसतं म्हणून तो थोडाच उपाशी राहतो? बाईंनी आधी स्टॉपवॉच बदललं. मग त्यांना प्रयोगशाळेवरच शंका आली. भिंगरीची काडी पुन्हा पाठवली आणि सोबत नाव न घालता स्वतःचीही. शहराचा विक्रम बावीस वर्षं त्यांच्या नावावर होता, म्हणजे त्यांच्यात ते प्रथिन असणारच. त्यांच्यात प्रथिन नाही असं आलं, की डॉक्टरांची चोरी पकडली!

रविवारी सकाळी फोन आला.

"दोन्ही काड्यांत नाही."

"अहो, दुसरी माझी आहे!"

"मग तुमच्यातही नाही, बाई. तपासणी दोनदा केलीय."

बाई खुर्चीत बसल्या. जिंकल्यावर त्यांना लोकांनी खांद्यावर घेतलं होतं. त्यांची पिशवी कुणीच उपडी केली नव्हती. त्यांना स्वतःची लाज वाटली. चपला अडकवून त्या तशाच मैदानाकडे धावल्या.

त्या कुंपणाशी पोचल्या आणि शिट्टी वाजली. चाळीस मीटरपर्यंत भिंगरी सगळ्यांच्या पुढे होती. मग तिची पावलं आखूड झाली. एकेक मुलगी तिच्या बाजूनं निघून गेली. ती आठवी आली. निवड समितीनं चार नावं लिहून घेतली.

"पाय दुखावला का गं?" बाईंना धाप लागली होती.

"नाही."

"मग झालं काय?"

भिंगरीनं खाली बसून बुटाची नाडी सोडली.

"रिपोर्टात होतं तेवढंच धावले, मॅडम. आता विश्वास बसला ना?"