दहा घोड्यांचा शनिवार

"कुणाला विचारून तारीख बदललीत?" सचिवसाहेबांनी शर्यतींची छापील पत्रिका टेबलावर आपटली.

"घोडे सांभाळणाऱ्यांना विचारून," अक्का म्हणाल्या.

रेसकोर्सच्या कचेरीत कुठल्या शनिवारी कुठल्या घोड्यांची शर्यत, हे सत्तावीस वर्षं अक्काच ठरवत आल्या होत्या. हंगामाआधी त्या तबेल्यातबेल्यांतून फिरायच्या. कुठला घोडा लंगडतोय, कुठला आता धावण्याजोगा झालाय, सगळं विचारायच्या आणि मगच तारखा मांडायच्या. चपलांना लीद लागायची म्हणून कचेरीतली मंडळी नाक मुरडायची. मुरडोत बापडी.

तीन वर्षांपूर्वी साहेब आले आणि तारखा त्यांच्या हाती गेल्या. त्यांची रीत सुटसुटीत. गेल्या वर्षीची पत्रिका काढायची, तारखा तेवढ्या बदलायच्या, झालं काम. गोम अशी की दीड तासावरच्या शेजारच्या रेसकोर्सवरही हेच चालायचं. त्यामुळे उतारवयाच्या, संथ घोड्यांची लांब पल्ल्याची शर्यत दोन्हीकडे एकाच शनिवारी यायची. अख्ख्या भागात असले घोडे दहा. इकडे पाच, तिकडे पाच, आणि सहा नावं आल्याशिवाय शर्यत नाही, असा नियम. तीन वर्षं दोन्हीकडे रद्द. चौथ्यांदा रद्द झाली तर ती कायमची बंद, असं साहेबांनी लिहूनच ठेवलं होतं.

दहांतले चार घोडे मागच्या तबेल्यातल्या मावशींकडे होते. "अगं अक्का, ही शर्यत गेली की मालक यांना ठेवणार नाहीत," त्या म्हणाल्या होत्या. "मग पुढे त्यांचं काय होतं, ते मी तुला काय सांगू?"

सांगायची गरजच नव्हती. अक्का तडक कचेरीत परतल्या. त्यांनी साहेबांना तीन चिठ्ठ्या दिल्या. साहेब तिन्ही वेळा "बघू" म्हणाले. आता बघू म्हणजे काय, हे इतकी वर्षं नोकरी केलेल्या माणसाला कळत नाही होय? अक्कांनी सरळ शेजारच्या रेसकोर्सच्या कारकुनाला फोन लावला.

"भाऊ, तुमची चौथ्या शनिवारी घ्या, आमची दुसऱ्या. जमेल?"

"न जमायला काय झालं? आजवर कुणी विचारलंच नाही."

दोन मिनिटांचं काम. पत्रिका छापखान्यात अजून अक्काच पाठवायच्या. पत्रिका छापून वाटल्या गेल्या, दहाच्या दहा नावं आली, आणि मग कुठे साहेबांच्या लक्षात आलं. आता मागे फिरता येत नव्हतं, त्याचाच तर खरा राग.

"तुम्ही कारकून आहात," ते म्हणाले. "उद्या लेखी माफी द्या. नाहीतर फाटकावर तिकिटं फाडायला बसा."

घरी नवऱ्याने समजावलं. "लिहून टाक की दोन ओळी. नोकरीची तीनच वर्षं राहिलीत तुझी. तुझं काय जातंय?"

"माझंच जातंय," अक्का म्हणाल्या, आणि त्याच्यापुढे चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच दोन ओळी लिहिल्या. 'तारीख मी बदलली आणि बरोबर बदलली. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बदलेन.' खाली सही केली, आवक क्रमांकाचा शिक्का मारला आणि कागद साहेबांपुढे ठेवला.

"ही माफी आहे?"

"नाही. तुमच्या माहितीसाठी आहे."

दुसऱ्या शनिवारी अक्का फाटकावर होत्या. तिथून मैदान दिसत नाही, मध्ये उंच भिंत. लाउडस्पीकरवरचा माणूस भराभर काहीतरी बोलत राहिला, लोक ओरडले, मग सगळं शांत झालं. थोड्या वेळाने मावशी धापा टाकत आल्या. चारांतला सर्वांत थोरला घोडा त्यांचा लाडका.

"थोरला कितवा आला?" अक्कांनी विचारलं.

"नववा."

"दहांत?"

"दहांत." मावशींनी पदराने तोंड पुसलं. "पण पूर्ण पळाला गं."

"शाबास म्हणावं त्याला," अक्का म्हणाल्या. रांग खोळंबली होती. त्यांनी पुढच्या माणसासाठी हात पुढे केला आणि त्याचं तिकीट फाडलं.