मिठावर एरंडेल

"इंजिनातलं मला कोण शिकवणार? धाटावच्या कारखान्यात बावीस वर्षं पंप चालवतोय!" रोह्याच्या चहाच्या टपरीवर दत्तात्रेय सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. रिमोटच्या विमानाला पेट्रोलचं इंजिन घ्यावं की मेथनॉल-तेलावर चालणारं ग्लोचं, एवढाच प्रश्न होता.

"पेट्रोलचं घे," त्याचा मित्र सायमन म्हणाला. त्याची चार विमानं उडवून झाली होती, त्यातली दोन परतही आली होती. "जड असतं, पण स्वच्छ. ग्लोच्या इंधनात पाचवा हिस्सा एरंडेल तेल. सगळं मागे थुंकतं बघ."

"थुंकू दे की! आभाळात कोण धुतलेले कपडे वाळत घालतंय?"

त्याने ग्लोचंच घेतलं. शिवाय इंजिन थंड राहावं म्हणून इंधनात एरंडेल दुप्पट ओतलं.

रविवारी तो पेणला, सासरा काळुराम याच्या मिठागरावर गेला. काळुरामची हंगामातली शेवटची रास बांधावर पांढरीशुभ्र उभी होती, आणि व्यापारी आजच बघायला येणार होता. दत्तात्रेयाने वारा बघून विमानाचं नाक खाडीकडे केलं, शेपूट राशीकडे. मग दहा मिनिटं इंजिन फुल्ल ठेवून इंधन कमी-जास्त करायची सुई पिळत बसला.

विमान झकास उडालं. सासूने, हौसाबाईने, टाळ्या वाजवल्या आणि मधेच थांबवल्या.

रास एका अंगाने पिवळी, चिकट झाली होती. काळुरामने चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं.

"एरंडेल हाय गो."

"गप ऱ्हावा. जावय हायत."

तेच तर वाईट होतं. पोटच्या पोराला त्यांनी मीठ ओढायच्या फळीने झोडलं असतं. जावयाला बोल लावता येत नाय, म्हणून हौसाबाईने खुर्ची आणून दिली. दत्तात्रेय मान वर करून विमानाकडेच बघत राहिला. खाली बघायची सोय नव्हती.

तेवढ्यात व्यापारी आला. मीठ बोटांत चोळून त्याने वास घेतला.

"काळुराम, हे लावलं तर सुकी मच्छीपण संडासला पळंल."

"हे आमचे जावय," काळुराम म्हणाला. "इंजिनातले जाणकार."

व्यापारी आल्या पावली निघून गेला.

"काय नाय हो, च्या घ्या," सासरा म्हणाला.

दत्तात्रेयाला ते सोसलं नाही. रिमोट खुर्चीवर ठेवून, दोन्ही हातांनी तो काळुरामच्या पाया पडला.

विमान खाडीत पडलं.