कलम सात आणि निळा जोड

रुग्णालयाचं कोठार सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे नियमकाका म्हणत. टाचणी मागितली तरी ते आधी विचारत, "कुठल्या नियमाखाली?"

एका सकाळी तपासणी कक्षातल्या सिस्टर त्यांच्या टेबलापाशी येऊन थडकल्या.

"काका, बाईच्या मापाचे कपडे हवेत. आत्ता."

"कुठल्या..."

"आत पंचविशीतली एक बाई बसलीय. तिच्यावर अत्याचार झालाय. अंगावरचे कपडे पुरावा म्हणून पोलिसांनी नेले. आता तिनं चादर गुंडाळून घरी जायचं का?"

नियमकाकांनी मुकाट्यानं नियमावली उघडली. कपडे कसे घ्यावेत, कागदी पिशवीत कसे ठेवावेत, सील कुठे लावावं, यावर अडीच पानं होती. बदल्यात काय द्यावं, यावर अवाक्षर नाही. त्यांनी चाळीशी पुसून पुन्हा वाचलं. तीस वर्षं ज्या पुस्तकाची तळी उचलली, त्यानंच आज तोंडघशी पाडलं होतं.

मग बोट एका ओळीवर थांबलं. "कलम सात. तपासणीसाठी लागणारं इतर साहित्य. सिस्टर, कपडे घातल्याशिवाय तपासणी संपली असं म्हणता येईल?"

"मुळीच नाही."

"मग झालं तर."

समोरच्या दुकानात मात्र काका गांगरले. त्यांनी बायकोला फोन लावला.

"अगं, एका बाईसाठी कपडे घ्यायचेत."

"कुठल्या बाईसाठी?" पलीकडे आवाज चढला.

काकांनी सांगितलं. तिचा चढलेला आवाज खाली आला. मग म्हणाली, "सैल घ्या. आतलेही घ्या. दोन रंग न्या, तिला निवडू द्या."

सिस्टर दोन्ही जोड आत घेऊन गेल्या. काका दाराबाहेर उभे.

"पिवळा कोणी आणला?" आतून बारीक आवाज आला.

"कोठारातल्या काकांनी."

"निळा घेते. पिवळ्यात मी लिंबू दिसेन."

सिस्टर हसल्या. आतली बाईही थोडंसं हसली असावी. काका कानापर्यंत लाल झाले, पण त्यांना फार बरं वाटलं.

हिशेब तपासनीस साहेबांनी या खर्चाला अर्थातच हरकत घेतली. काकांनी आरोग्य खात्याला सहा पानी पत्र धाडलं. वर्षभरानं परिपत्रक आलं: अशा प्रत्येक व्यक्तीला नवे कपडे द्यावेत, आतल्या कपड्यांसह, तिच्या पसंतीचे.

काकांनी ते घरी मोठ्यानं वाचून दाखवलं.

"आणि चपला?" बायको म्हणाली. "त्याही नेतातच ना पुराव्यात?"

काकांनी परिपत्रक उलटसुलट करून पाहिलं आणि निमूटपणे नवा कागद पुढे ओढला.