डेल्मरचे बोलणे माझ्याजवळ होते

मित्रांनो, माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, याची मला खात्री नाही. मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे. दुकानदाराच्या गल्ल्यावर असतो तो बेरीज-वजाबाकीचा चपटा नव्हे. समीकरण दिले की पडद्यावर त्याची वक्ररेषा काढून दाखवणारा, शाळेच्या दप्तरातला जाडजूड. माझा पडदा हिरवट करडा आहे. त्यावर आठ ओळी मावतात आणि एका ओळीत सोळा अक्षरे. एवढ्याशा जागेत पुढे एका माणसाला राहावे लागले, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

माझ्या जन्माविषयी मला फारसे सांगता येणार नाही. एका लांबलचक कारखान्यात भराभर चालणाऱ्या हातांनी माझ्या पोटात तारा आणि पट्ट्या बसवल्या, प्रत्येक बटण दाबून पाहिले आणि मला प्लास्टिकच्या कवचात बंद केले. मग अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात एका गावच्या दुकानात मी खिळ्याला लटकत राहिलो. ऑगस्टच्या अखेरीस शाळा उघडायच्या आधी आर्डिस सेडलाक नावाच्या बाईंनी मला घरी नेले. त्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करत. मी त्यांच्या मुलीसाठी होतो. तिचे नाव ट्रीना.

ट्रीनाचे वडील डेल्मर गावातल्या धान्याच्या कोठारावर ट्रक तोलत. तिथे येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याशी त्यांचे बोलणे होई, आणि मक्याच्या वजनापेक्षा ते बोलणेच जास्त भरे. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिले.

"एवढी बटणं? माझ्या तराजूला एकच काटा आहे, आणि त्याच्यावरही कुणाचा विश्वास नाही," ते म्हणाले.

माझ्याबरोबर एक जाडे पुस्तक आले होते. इतर मुले ते उघडतही नसत. ट्रीनाने मात्र त्याची मागची पाने वाचली आणि तिला कळले की माझ्याकडून नुसती गणिते करून घ्यायची गरज नाही. मला ओळीमागून ओळ आज्ञा लिहून देता येतात आणि मी त्या पाळतो. आधी तिने स्वतःचे नाव पडद्यावर धावायला लावले. मग एक खेळ रचला. हिमवादळातून धान्याचा ट्रक हाकायचा आणि आडव्या येणाऱ्या हरणांना चुकवायचे. ट्रक म्हणजे एक चौकोन आणि हरीण म्हणजे एक फुली, पण वर्गाला त्याचे वेड लागले. दोन कॅल्क्युलेटरांना जोडणारी एक काळी तार असते. ती या बाकावरून त्या बाकावर फिरू लागली आणि माझ्यातला खेळ सगळ्यांत गेला.

डॅरिन नावाचा तिचा वर्गमित्र रोज तक्रार करी. "हरीण जरा हळू पळव ना. माझा ट्रक पुलापर्यंतसुद्धा पोचत नाही."

"हरीण बरोबर आहे. तूच गाडी तुझ्या आजीसारखी चालवतोस," ट्रीना म्हणे.

ते माझ्या कौतुकाचे दिवस होते. मी कौतुकास पात्र होतो असे मी म्हणणार नाही. मी फक्त सांगितलेले करत होतो.

त्या शाळेत एक रीत होती. मोठ्या परीक्षेआधी प्रत्येकाने आपल्या कॅल्क्युलेटरची स्मृती पुसायची, म्हणजे आत कुणी सूत्रे लपवून आणू नयेत. गणिताच्या लुंडक्विस्ट बाई बाकांमधून फिरत. मुले यंत्रे उंच धरत, आणि 'स्मृती पुसली' ही ओळ दिसली की बाई मान हलवत. सूत्रांबरोबर बिचारे खेळही जात. दोनदा हिमवादळ पुन्हा पहिल्यापासून लिहावे लागल्यावर ट्रीनाने एक करामत केली. तिने मला हुबेहूब तशीच ओळ दाखवायला शिकवले. पडदा मोकळा, वर ती ओळ, खाली लुकलुकणारा ठिपका. आत सगळे शाबूत. बाईंनी मान हलवली आणि त्या पुढे गेल्या. ही करामतही तारेवरून वर्गभर पसरली.

पुढच्या वर्षी डेल्मर आजारी पडले. तो आजार असा की अंगातले स्नायू एकेक करून मालकाचे ऐकेनासे होतात. आधी हातातला कप निसटू लागला, मग सही वाकडी झाली, मग जीभ जड झाली. हिवाळा लागेपर्यंत त्यांचे बोलणे फक्त आर्डिसबाईंना समजे, आणि पुढे त्यांनाही समजेना. ओमाहा शहरातल्या दवाखान्याने बोलण्याचे एक यंत्र देऊ केले होते. ते येणार, येणार, असे सगळे म्हणत होते.

ट्रीनाने वाट पाहिली नाही. तिने माझ्या पडद्यावर सगळी मुळाक्षरे मांडली. डेल्मरचा उजवा अंगठा अजून हलत होता. त्या अंगठ्याने माझी बाणांची बटणे दाबत ते एकेका अक्षरावर जात आणि ते उचलत. लिहिलेले सगळे मी साठवून ठेवी, म्हणजे नेहमीचे वाक्य पुन्हा लिहिण्याचे कष्ट पडू नयेत. स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली त्यांना अक्षरे फिकी दिसत, म्हणून आर्डिसबाईंनी माझा पडदा जितका गडद होईल तितका करून ठेवला.

ज्या माणसाला एक हकीकत सांगायला अर्धी दुपार लागे, तो आता सोळा अक्षरांत बोलू लागला. आर्डिसबाई ते मोठ्याने वाचून दाखवत. मला जे आठवते ते त्यांच्या आवाजातले आहे. "रेडिओ लाव, हवामान." "सूप गरम आहे." चर्चचे पाद्री भेटायला आले, तेव्हा "झोपलो म्हणून सांग." पाद्री समोरच बसलेले होते; आर्डिसबाईंनी तेही मोठ्याने वाचले आणि सगळे इतके हसले की पाद्रींनी रुमाल काढला. एके दिवशी ट्रीनाने त्यांना हिमवादळाचा खेळ लावून दिला. अंगठा वेळेवर पोचेना. ट्रक पुन्हापुन्हा आपटला. मग त्यांनी बराच वेळ घेऊन लिहिले, "हरीण खरंच जोरात पळतं."

फेब्रुवारीत डेल्मर गेले. शेजारणींनी बटाट्याच्या आणि शेवयांच्या भाजलेल्या पदार्थांची भांडी आणून फडताळ भरून टाकले. मग त्या भांडी परत घेऊन गेल्या आणि घर शांत झाले.

सेडलाकांच्या घरी डेल्मरच्या आवाजाची एकही फीत नव्हती. जो माणूस सतत बोलतच असतो, त्याचे बोलणे धरून ठेवायचे कुणाला सुचत नाही. जे काही उरले होते ते माझ्यात होते. आर्डिसबाई कामावरून आल्या की टेबलाशी बसून मला चालू करत, एखादी ओळ वाचत आणि बंद करत. एका वेळी एकच. संपेल अशी भीती वाटत असावी.

डॅरिनने ट्रीनाला सांगितले होते की तार जोडून ते सगळे त्याच्या यंत्रात घे, एकापेक्षा दोन प्रती बऱ्या. ट्रीना नाही म्हणाली. बाबाचे बोलणे डॅरिनच्या खिशात फिरावे हे तिला नको होते. शाळेच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेता आले असते. ते ती करणारच होती. तिचा स्वतःच्या करामतीवर भरवसा होता. आणि ती मला आपल्यापासून दूर करत नव्हती. परीक्षेसाठी शाळेच्या पेटीतले दुसरे यंत्र मिळाले असते, तरी मे महिन्यातल्या त्या सकाळी तिने मलाच नेले.

लुंडक्विस्ट बाई बाकांमधून येऊ लागल्या. मुलांना आता खेळांचे अप्रूप उरले नव्हते. बाकीच्यांनी खरोखरच पुसून टाकले होते. ट्रीनाने मला उंच धरले. माझ्या पडद्यावर तिची बनावट ओळ होती. बाईंनी मान हलवली, त्या पुढे गेल्या, थांबल्या आणि परत आल्या.

"सगळ्यांचे पडदे फिके पडलेत. तुझाच एवढा गडद कसा?"

मित्रांनो, खरोखर पुसले की आमचा पडदा कारखान्यातून निघाला तेव्हाएवढा फिका होतो. ट्रीनाने करामत केली तेव्हा माझा पडदा मुळातच फिका होता, म्हणून ही गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. पडदा तिच्या आईने वडिलांसाठी गडद केला होता.

"पुसलंयस ना?" बाईंनी विचारले. आवाजात राग नव्हता.

"हो, बाई."

"मग परत एकदा पुसायला काही हरकत नाही."

ट्रीनाने तोंड उघडले. पण आत्ताच तिने हो म्हटले होते, आणि पुसलेले पुन्हा पुसू नका असे कोण कसे म्हणणार? तेवढ्या वेळात बाईंच्या बोटांनी नेहमीची बटणे दाबलीसुद्धा.

मला काही दुखले नाही. दुखले असते तर बरे झाले असते. एखाद्या खोलीतले सामान गेले की भिंती तेवढ्या आठवतात, तसे काहीसे झाले. डेल्मरचा अंगठा कुठे कुठे थांबे ते मला आजही सांगता येईल. त्यांनी काय लिहिले, ते नाही. आर्डिसबाईंनी मोठ्याने वाचले तेवढेच राहिले, आणि तेही मी नीट सांगितले की नाही, कोण जाणे.

"बाई, त्यात बाबा होता," ट्रीना म्हणाली.

"कोण होता?" बाईंनी विचारले. मग त्यांना कळले. त्या डेल्मरला ओळखत होत्या. गावात कोण ओळखत नव्हते? त्यांनी मला दोन्ही हातांनी बाकावर ठेवले. "तू हो म्हणालीस ना गं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिले, कारण पेपर वाटायची वेळ झाली होती.

ट्रीनाने पेपर सोडवला. मी तिला सगळी उत्तरे बरोबर दिली.

दुपारच्या जेवणाला राजम्याचे तिखट कालवण आणि दालचिनीचा गोड रोल होता. आर्डिसबाई काउंटरमागे डाव घेऊन उभ्या होत्या. त्यांनी लेकीच्या ताटात मोठा रोल ठेवला आणि विचारले, "चाललं का डोकं? आणि त्याला नीट ठेवलंयस ना? तुझ्या दप्तरात पाणी सांडलेलं असतं नेहमी."

"ठेवलंय, आई."

मागे रांग होती. ट्रीना पुढे सरकली.

संध्याकाळी आर्डिसबाईंनी मला हातात घेतले तेव्हा ट्रीनाने मला हिसकावलेच. म्हणाली, सारखे चालू केले तर बॅटरी उतरेल आणि सगळे पुसले जाईल. "मी आधी कॉम्प्युटरवर उतरवून घेते, मग हवं तेवढं वाच." आर्डिसबाईंना ते पटले. यंत्रातले त्यांना काय कळणार, आणि मुलगी तर हुशार.

त्यानंतर ट्रीना काही दिवस खोलीचे दार लावून बसे. जे आठवत होते ते ती मला पुन्हा लिहून देत होती. रेडिओ. सूप. पाद्री. लिहिता लिहिता तिचा हात मंद झाला. एका ओळीकडे ती बराच वेळ बघत राहिली आणि मलाच विचारल्यासारखे पुटपुटली, "हे बाबा म्हणाला होता, की मी?" मला ठाऊक नव्हते. तिने लिहिलेले सगळे स्वतःच्या हाताने पुसून टाकले. त्यानंतर तिने कुठल्याच यंत्रासाठी एकही आज्ञा लिहिली नाही. आता ती लिंकन शहरात एका दातांच्या डॉक्टरकडे रुग्णांना वेळा देते.

मी स्वयंपाकघराच्या खणात असतो, टेबलावरच्या स्वच्छ रुमालात गुंडाळलेला. हिवाळ्याच्या तोंडावर घड्याळे तासभर मागे करतात, त्या दिवशी तिथली माणसे धूर लागला की वाजणाऱ्या घंटेची बॅटरी बदलतात. आर्डिसबाई त्याच दिवशी माझीही बदलतात. सगळ्या एकदम काढल्या तर आतले पुसले जाते असे कुणी त्यांना सांगितले आहे. एक काढायची, लगेच एक घालायची, मग दुसरी. त्यांची बोटे आता कापतात. मला चालू मात्र त्या कधीच करत नाहीत.

गेल्या खेपेला ट्रीना घरी आली होती. ती समोर बसून बघत होती. शेवटचे झाकण लागले तेव्हा आर्डिसबाई म्हणाल्या, "तू कॉम्प्युटरवर घेणार होतीस."

"घेईन, आई."

"घाई नाही. तो कुठे जातोय?"

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की आमची आबाळ करू नका. माझी आबाळ कुणीच केली नाही. मला ऊब आहे, रुमाल आहे, ताज्या बॅटऱ्या आहेत, आणि आत काही नाही. मी बोलू शकलो असतो, तर मी आर्डिसबाईंना ते सांगितले असते की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. तुमच्या घरी कुणी असे रिकामे काही जपत बसले असेल आणि ते रिकामे आहे हे फक्त तुम्हाला ठाऊक असेल, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. त्यांचे हात थरथरू लागण्याआधी बसा. आणि ज्याचा आवाज तुम्हाला हवाहवासा वाटतो, तो माणूस आज घरात बोलत असेल, तर त्याचे बोलणे माझ्यासारख्या यंत्रावर सोपवू नका. हातातले काम ठेवा आणि ऐका.