उद्या येणारं वऱ्हाड

"मॅडम, आत्याबाईंकडनं कुठलं बी गाणं म्हणवून घ्या. पाळणा घ्या, डोहाळे घ्या. फक्त हळदीचं नको. हळद गायली की घरात लग्न पायजे. न्हाईतर त्या वाट बघत बसत्यात."

कुरुळीतल्या घराच्या ओट्यावर विजयश्रीने आपल्या सासूबद्दल हे सांगितलं, तेव्हा दिपाली मोबाइलवर पाळणाघराचा कॅमेरा बघत होती. तिचा सार्थक कोपऱ्यात एकटाच ठोकळे मांडत होता. जवळ बाई नव्हती. मग बाई आली. तेव्हा कुठे दिपालीने मान वर केली.

"दोनच ओळी हो ताई," ती म्हणाली. असल्या समजुतींवर एम.ए.ला तिने अख्खा निबंध लिहिला होता.

उन्हाळ्यापुरतं काम होतं, पण पगारी. हिंजवडीतली ती कंपनी बड्या उद्योगांना कला-संस्कृतीचा सल्ला द्यायची. नवरा समर्थ हसला होता, "संस्कृतीचा सल्ला? आमची आई फुकट देते, नको म्हटलं तरी." दिपालीही हसली होती. सार्थक झाल्यापासून ती पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये पडदे बदलत बसली होती. काम आवडलं तर कंपनी कायम करणार होती.

चाकणच्या एका कारखान्याला नव्या इमारतीच्या दर्शनी भागात गावच्या गाण्यांचं दालन हवं होतं. दिपालीचा साहेब प्रीतम तिच्याहून लहान, म्हणून तिला ताई म्हणायचा.

"ताई, हळदच पाहिजे. क्लायंटचा लोगो पिवळा आहे."

विजयश्रीच्या सासूबाई, अंबुबाई, ऐंशीकडे झुकलेल्या. नवरा गेल्यापासून त्यांनी लग्नघरच्या जात्याला हात लावला नव्हता. सवाष्णी आत दळायच्या, त्या उंबऱ्याबाहेर बसून गायच्या. पण त्यांचा सूर लागल्याखेरीज कुरुळीत हळकुंड जात्यात पडत नसे.

व्हिडिओ घेणाऱ्या प्रीतमला जातं आणि चेहरा एका चौकटीत मिळेना. "आजी, जरा आत सरका. खुंटा धरा."

विजयश्री चहा टाकायला आत गेली होती. अंबुबाईंनी दिपालीकडे बघितलं.

"धरू का गं?"

"धरा ना आजी."

त्यांनी खुंटा धरला. आधी नुसताच, मग घट्ट. पाठ ताठ झाली आणि आवाज कुठून तरी तरणा होऊन आला.

*फिर फिर जात्या, तुला हळकुंडाचा घास,*
*लेक जाईल परघरी, मागं राहील तिचा वास.*

विजयश्री कप घेऊन आली आणि दारातच थांबली. "काय केलं हो मॅडम," ती म्हणाली. रागानेही नाही.

आठवड्याभराने तिचा फोन आला.

"आत्याबाई रोज हिरवी साडी नेसून फाट्यावर जाऊन बसत्यात. लेकीचं, म्हणजे माझ्या नणंदेचं, वऱ्हाड आणायला! अहो, नणंदेला सुना आल्या आता. आज कंटेनरवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचल्या. माझी फर्स्ट शिफ्ट, हे नाइट करून मेल्यागत झोपलेले. दाराला कडी घातली तर डोकं आपटून घेत्यात. कोण बघणार?"

"डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलं. म्हणले, वय झालं. वऱ्हाड उद्या येणार हाय म्हटलं की उठून घरी येत्यात, बास. दुसरं औषध न्हाई."

दिपाली वरण ढवळत होती. फोन ठेवल्यावरही ढवळत राहिली. आता आपल्याला काहीतरी वाटेल, रडू येईल, म्हणून ती वाट बघत होती. काही झालं नाही. वरण मात्र खाली लागलं.

तिने प्रीतमला सांगितलं. तो खरोखर हळहळला. "बापरे. पण ताई, यात आपण काय करणार? व्हिडिओ बघितलास का? अंगावर काटा येतो."

त्यानंतर ती पाळणाघराचा कॅमेरा सारखा उघडू लागली. मीटिंगमध्ये, लिफ्टमध्ये, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर. त्यात सार्थकच दिसायचा. खात होता, झोपत होता, धडधाकट होता. ती बंद करायची आणि पुन्हा उघडायची.

एका रविवारी ती कुरुळी फाट्यावर गेली. डिव्हायडरला टेकून अंबुबाई बसल्या होत्या, डोक्यावर पदर, मांडीवर हळदीची पुडी. ट्रेलर गेला की पदर उडायचा, त्या पुन्हा घ्यायच्या.

"नवऱ्याकडची का गं तू?"

"हो आजी. वऱ्हाड उद्या येणार आहे."

"मग तू आजच कशी आलीस?" त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "आली आहेस तर जेवून जा. आमच्याकडनं कुणी उपाशी जात न्हाई."

दिपाली जेवली. भाकरी, वांग्याचं कालवण. अंबुबाई समोर बसून वाढत होत्या आणि विजयश्री भिंतीला टेकून दोघींकडे बघत होती. 

दालन उघडलं त्या दिवशी मोठे साहेब स्वतः तिच्याशी बोलायला आले. पुढच्या महिन्यापासून कायम करतो म्हणाले. दिपाली "हो सर, थँक यू" म्हणाली. आवाज नीट आला. समोरच्या भिंतीवर अंबुबाईंचं पुरुषभर उंच चित्र लावलं होतं, खुंट्यावर हात, चेहऱ्यावर पिवळा उजेड. खाली पोरंपोरी सेल्फी काढत होती.

चित्राखालचा मजकूर दिपालीनेच लिहिला होता. प्रीतमने शेवटच्या ओळी काढल्या, "फार पर्सनल होतंय ताई" म्हणून. तिने वाद घातला नाही. त्या ओळी अशा होत्या:

सकाळी कुरुळी फाट्यावरून जात असाल, तर डिव्हायडरकडे एकदा बघा. हिरव्या साडीत आजी बसलेल्या असतील. त्यांना ओढून उठवू नका. वऱ्हाड उद्या येणार आहे, एवढं सांगा आणि घरापर्यंत सोबत करा. जेवून जा म्हणतील. घाईत असाल, तरी बसा.