चोवीस ओळी

वेल्डरने मास्तरांची कॉलर धरून त्यांना फळ्यावर आदळलं. डस्टर खाली पडलं आणि त्याच्या मागोमाग मास्तरांचा चष्मा.

"माझ्या पोरीला हात कोणी लावला?"

भिंगरी कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती. ओठ फुटलेला, बाही फाटलेली, मूठ आवळलेली. उन्हाळी वर्गात तुझ्या पोरीला मारलंय, असं शेजारणीने दुकानात येऊन सांगितलं, तसा तो हातातलं काम टाकून धावत आला होता.

"सुरुवात तिनेच केली," मास्तर कसेबसे बोलले. "एका मुलीच्या कानाचा चावा घेतलाय. टाके घालायला नेलंय तिला."

"खोटं!" त्याने लाथेने स्टूल उडवलं. ते भिंतीवर आपटून मोडलं. मग त्याने मास्तरांवर मूठ उगारली.

"बाबा, नको ना. मीच चावले."

मूठ हवेतच राहिली.

"का गं?"

"ती म्हणाली, तुझी आई तर मेलीय. मग कार्डावर सही काय भूत करतं?"

मास्तर या वर्षीच आलेले, तिच्या घरचं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी चष्मा उचलला आणि टेबलावरचं कार्ड त्याच्यापुढे सरकवलं. पालकांनी रोज तासभर मुलाबरोबर अभ्यासाला बसायचं, समाधान झालं की नाही ते लिहायचं आणि सही करायची. पहिल्याच दिवशी भिंगरीने ते कार्ड त्याला दाखवलं होतं. "नंतर बघू," म्हणून त्याने कूस बदलली होती. बायको गेल्यापासून तीन महिने तो सगळ्यालाच नंतर बघू म्हणत होता.

चोवीस ओळी भरल्या होत्या. 'आज छान केलंस. समाधान झालं.' 'वजाबाकी चुकली, पण रडू नकोस.' 'जेवून झोप.' प्रत्येक ओळीपुढे त्याच्या बायकोची सही. शेवटच्या अक्षराला तीच लांब शेपटी.

"सही खोटी असेल तर मला पटावरून तिचं नाव काढावं लागेल," मास्तर म्हणाले. "तुम्हीच सांगा. कोणाची आहे?"

भिंगरीने मूठ आणखी आवळली.

"तिच्या आईची," वेल्डर म्हणाला. "पण आता तिला जमणार नाही. आजपासून मी बसेन."

 मास्तरांनी खिशातलं पेन काढून दिलं.

समाधानाचा रकाना त्याने रिकामा सोडला आणि पंचविसाव्या ओळीपुढे आपली सही केली.

मागे भिंगरीने मूठ उघडली. त्या मुलीच्या केसांची बट फरशीवर पडली.